ऑडिटचा डेटाबेस तुटला आणि ३९ दिवसांच्या नोंदी अडकल्या

मी फैजपूरला घरून काम करतो, पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचं रिपोर्टिंग सांभाळतो. एसएपी बिझनेस ऑब्जेक्ट्स ४.३ हे रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर दोन नोड म्हणजे दोन सर्व्हर मशीन, मागे डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हर, आणि दोन हजारांच्या आसपास यूजर. मे महिन्यातली गोष्ट सांगतोय. सविस्तर लिहितोय कारण मी जेव्हा शोधत होतो तेव्हा सगळीकडे "डीएसएन तपासा" एवढंच लिहिलेलं सापडत होतं आणि डीएसएन (डेटाबेसशी जोडायची माहिती विंडोजमध्ये ज्या नावानं साठवलेली असते ती नोंद) तर मी पहिल्याच तासात तपासला होता, तरी चार दिवस गेले.

१३ मे, मंगळवार. सकाळी कंपनीच्या अंतर्गत ऑडिटरची मेल आली, की १ एप्रिलपासून आजपर्यंत पगाराचा रिपोर्ट कुणीकुणी उघडला, कुणी एक्सेलमध्ये काढून घेतला, तारीख-वेळेसकट यादी हवी आणि सोमवारपर्यंत हवी. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. ऑडिटच्या डेटाबेसमध्ये एडीएस इव्हेंट नावाचं टेबल असतं, कुणी लॉगिन केलं, काय उघडलं, काय रिफ्रेश केलं सगळं त्यात येतं. क्वेरी टाकली तर शेवटची ओळ ४ एप्रिलची. संध्याकाळची. त्यानंतर काहीच नाही.

मी परत चालवली, फिल्टर काढून चालवली, तरी तेच. ३९ दिवस कोरे. बाहेर ४४-४५ चं ऊन होतं आणि मला हातपाय गार पडल्यासारखं झालं, खरंच.

४ एप्रिल म्हटल्यावर आठवलं, त्या शुक्रवारी रात्री डेटाबेस नवीन सर्व्हरवर हलवले होते. त्यात सिस्टमचा मुख्य डेटाबेस, ज्याच्यावर सीएमएस (बिझनेस ऑब्जेक्ट्सचा मुख्य, बाकी सगळ्यांवर देखरेख करणारा सर्व्हर) चालतो, तो नीट हलवला, कारण तो नसेल तर लॉगिनच होत नाही, मग सगळ्यांचं लक्ष त्याच्यावरच. ऑडिटचा डेटाबेस वेगळा असतो. तो बंद पडला तरी रिपोर्ट चालतात, शेड्यूल चालतात, कुणाला काही जाणवत नाही, एकाही यूजरची तक्रार येत नाही. सीएमसीमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून उघडणाऱ्या अ‍ॅडमिनच्या खिडकीत, ऑडिटिंगच्या पानावर शेवटचं अपडेट कधी झालं ते स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ते पान रोज उघडायचं माझ्या कामाच्या यादीत नव्हतं. ते असायला पाहिजे होतं. जबाबदारी माझीच होती आणि मी त्याच दिवशी तसं मॅनेजरना सांगून टाकलं.

आता त्याच दुपारी काय झालं ते ऐका. सर्व्हर बघणाऱ्या टीममधल्या एका भाऊचा मेसेज आला, तो भुसावळचाच आहे, रात्रपाळीपासून जागा होता. म्हणे नोड एकवर डी ड्राइव्ह ९१ टक्के भरला, ऑडिटिंग नावाच्या फोल्डरमध्ये हजारो बारीक बारीक फायली पडल्यात, टेम्पररी दिसतात, उडवून टाकू का भो?

मी मेसेज टाइप करत बसलो नाही, सरळ फोन लावला. म्हटलं एकाही फायलीला हात लावू नको.

कारण बिझनेस ऑब्जेक्ट्समध्ये ऑडिटिंग कसं चालतं ते माहीत असलं पाहिजे. प्रत्येक सर्व्हर, म्हणजे रिपोर्ट उघडणारा वेबीचा प्रोसेसिंग सर्व्हर, शेड्यूल चालवणारा जॉब सर्व्हर, असे जे आहेत ते आपापल्या घडामोडी थेट डेटाबेसमध्ये लिहीत नाहीत. ते आपल्याच मशीनवर त्या ऑडिटिंग फोल्डरमध्ये तात्पुरत्या फायलीत लिहून ठेवतात. मग क्लस्टरमधला, म्हणजे दोन्ही नोडच्या मिळून झालेल्या गटातला, एक सीएमएस ऑडिटरचं काम करतो, तो ठरावीक वेळानं सगळ्या सर्व्हरकडे जातो, त्यांच्याकडून नोंदी गोळा करतो, डेटाबेसमध्ये टाकतो, आणि मग त्या फायली जातात. डेटाबेसच तुटला तर तो टाकणार कुठं? फायली साचत जातात. म्हणजे ज्या ३९ दिवसांसाठी मी सकाळी घाबरलो होतो ते ३९ दिवस त्या फोल्डरमध्ये पडलेले होते आणि आम्ही ते पुसायच्या बेतात होतो.

आमच्या घरी केळी आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडी भरली की काट्याची पावती घेतात आणि ओसरीवर खुंटीला एक कापडी पिशवी आहे तिच्यात टाकतात. व्यापाऱ्याच्या वहीत नोंद महिन्यानं होते, कधी दीड महिन्यानं, पण तोपर्यंत पिशवीतला कागद हाच हिशोब. लहानपणी मी एकदा त्या पिशवीतल्या पावत्यांच्या होड्या केल्या होत्या तर असा ओरडा बसला होता की अजून आठवतो. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला ती पिशवीच दिसली.

सगळ्यात आधी दोन्ही नोडवरचं ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर जसंच्या तसं कॉपी करून घेतलं. नोड एकवर साडेअकरा हजारांवर फायली निघाल्या. डी ड्राइव्हवरचे जुने इन्स्टॉलर काढून थोडी जागा केली, कारण ड्राइव्ह पूर्ण भरला असता तर नव्या नोंदी लिहायलाच जागा उरली नसती, आणि जे लिहिलंच गेलं नाही ते परत मिळत नाही. माझं ठाम मत आहे, कनेक्शनला हात लावायच्या आधी फायलींची कॉपी, मग बाकीचं.

मग कनेक्शन. नोड एकवर रिमोटनं गेलो आणि पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन चालवलं, नव्या डेटाबेस सर्व्हरचं नाव आणि पोर्ट (सर्व्हर ज्या नंबरच्या दारावर ऐकतो तो) १४३३. फॉल्स. पिंग जातंय, पोर्ट बंद. फायरवॉल टीमला कळवलं तर ते म्हणाले १४३३ तर उघडाच आहे, बघा. आणि ते खरं बोलत होते. घोळ असा होता की ऑडिटचा डेटाबेस ज्या नव्या मशीनवर होता तिथं १४३३ वर ऐकणारं कुणी नव्हतंच, तो डेटाबेस एका वेगळ्या नावाच्या इन्स्टन्समध्ये (इन्स्टन्स म्हणजे मशीनवर चालणारी एसक्यूएल सर्व्हरची एक स्वतंत्र प्रत) ठेवला होता. १४३३ हा फक्त डीफॉल्ट इन्स्टन्सचा पोर्ट. नावाचा इन्स्टन्स असला की तो मुळात डायनॅमिक पोर्टवर असतो, कुठला तरी मोठा नंबर घेतो, आणि कोण कुठल्या पोर्टवर आहे हे सांगायला एसक्यूएल ब्राउझर नावाची सर्व्हिस यूडीपी १४३४ वर बसलेली असते. आमच्या दोन झोनच्या मधल्या फायरवॉलमध्ये ना १४३४ उघडा ना तो मोठा नंबर.

फायरवॉलवाला म्हणाला सध्याचा नंबर उघडून देतो. मी नको म्हटलं. डायनॅमिक पोर्ट सर्व्हिस रीस्टार्ट झाल्यावर बदलू शकतो, मग परत एखाद्या रात्री तुटणार आणि परत कुणाला कळणार नाही. डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएकडून कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये त्या इन्स्टन्सला कायमचा पोर्ट देऊन घेतला, सर्व्हिस रीस्टार्ट करून घेतली, आणि तेवढाच पोर्ट दोन्ही नोडसाठी उघडून घेतला. काम पाच मिनिटांचं, पण चेंज रिक्वेस्ट, मंजुरी, परत मंजुरी, यात गुरुवारची दुपार झाली. एक बारीक गोष्ट सांगतो, ओडीबीसीमध्ये, म्हणजे विंडोजच्या ज्या भागात डीएसएन बनतो तिथं, सर्व्हरच्या नावापुढे पोर्ट लिहिताना स्वल्पविराम लागतो. आपल्या हाताला कोलनची सवय असते, आणि कोलन टाकलं की ते पूर्ण अक्षरांनाच सर्व्हरचं नाव समजतं आणि सापडत नाही म्हणून सांगतं.

पोर्ट ट्रू आला. मला वाटलं झालं.

डीएसएन उघडला तर तो आधीच नव्या सर्व्हरकडे वळवलेला होता, स्थलांतराच्या टीमनं तेव्हाच केलेलं. फक्त पोर्ट घातला, टेस्टचं बटण दाबलं, टेस्ट यशस्वी. ऑडिटिंगचं पान उघडलं, तरी जोडणी नाही. परत टेस्ट, यशस्वी. परत पान, नाही. हे असं होतं ना तेव्हा माणूस खरंच चक्रावतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच मशीनवर आहेत, एक म्हणतेय रस्ता आहे आणि दुसरी म्हणतेय नाही.

इथं मी दोन तास घालवले. मग विंडोजचा तो जुना घोळ आठवला. ६४-बिट विंडोजमध्ये ओडीबीसीचे दोन वेगळे कारभार असतात, ६४-बिटचा आणि ३२-बिटचा, आणि दोन्हीच्या प्रोग्रामचं नाव ओडीबीसीएडी३२ असंच आहे. त्यात ६४-बिटवाला सिस्टम३२ फोल्डरमध्ये असतो आणि ३२-बिटवाला सिसवाव६४ फोल्डरमध्ये. नाव वाचून कुणीही उलटंच समजेल. रजिस्ट्रीतसुद्धा दोघांचे सिस्टम डीएसएन वेगवेगळ्या जागी असतात. आणि बिझनेस ऑब्जेक्ट्स ४ मधला सीएमएस ६४-बिट आहे, त्याला ३२-बिटवाला डीएसएन दिसतच नाही.

स्थलांतराच्या रात्री टीमनं ३२-बिटच्या खिडकीत नवीन डीएसएन केला होता, नाव अगदी तेच ठेवून. ६४-बिटमध्ये जुना तसाच राहिला, जुन्या सर्व्हरच्या नावानं, जो सर्व्हर आता बंद आहे. मी पण सर्चमधून ओडीबीसी उघडलं तेव्हा ३२-बिटचीच खिडकी उघडली होती. नाव तेच असल्यामुळे नजर पुढे गेलीच नाही, नाहीतर यादीत प्लॅटफॉर्म म्हणून रकाना असतो त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. ६४-बिटवाला उघडला आणि सर्व्हरच्या जागी ते जुनं नाव बघितलं तेव्हा ओसरीवरून अण्णांनी विचारलं काय झालं रे, म्हणजे मी काहीतरी मोठ्यानं बोललो असणार.

नोड दोनवर पण तेच होतं. दोन्हीकडे ६४-बिटमध्ये सिस्टम डीएसएन नीट केला. यूजर डीएसएन करू नका, सर्व्हिस ज्या खात्याखाली चालते त्याला तुमचा यूजर डीएसएन दिसत नाही. आणि दोन्ही नोडवर नाव अक्षरशः एकच पाहिजे, कारण सीएमसीमध्ये नाव एकदाच भरायचं असतं आणि ऑडिटरचं काम उद्या दुसऱ्या नोडवरचा सीएमएस घेऊ शकतो.

आता ६४-बिटमधून टेस्ट, यशस्वी. पण आता माझा त्या बटणावरचा विश्वास उडालेला होता. मग नीट बघितलं तर डीएसएनमध्ये डीफॉल्ट डेटाबेस बदलायची खूणच केलेली नव्हती, म्हणजे टेस्ट मास्टर या एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसला जाऊन परत येत होती. तिथं ऑडिटच्या डेटाबेसचं नाव टाकलं आणि ऑडिटच्याच एसक्यूएल लॉगिननं टेस्ट केली. नापास. सध्याच्या सुरक्षा संदर्भात हा डेटाबेस उघडायची परवानगी नाही अशा अर्थाचा एरर.

तोपर्यंत रात्रीचे साडेनऊ. डीबीए दादा धुळ्याचे, वयानं माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. फोन केला तर जेवत होते, तरी म्हणाले, काय शे रे तठे, सांग. एरर वाचून दाखवला. दोन सेकंद शांत, मग म्हणाले, थांब, देखस. लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला आणि मग त्यांनी मला जे समजावलं ते इतकं नीट होतं की इथं लिहितोच.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिन वेगळं आणि यूजर वेगळा. लॉगिन सर्व्हरचं, यूजर डेटाबेसच्या आतला. दोघं नावानं जोडलेले नसतात, एसआयडी नावाच्या एका आतल्या ओळखीनं जोडलेले असतात. डेटाबेसचा बॅकअप नव्या सर्व्हरवर उतरवला की आतला यूजर जुनी एसआयडी घेऊन येतो, पण लॉगिन काही त्याच्याबरोबर येत नाही. मग कुणीतरी नव्या सर्व्हरवर त्याच नावानं, त्याच पासवर्डनं नवीन लॉगिन बनवतो, त्याला नवीन एसआयडी मिळते. बाहेर नाव तेच, आत नाव तेच, पण दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. याला अनाथ यूजर म्हणतात. दादांनी दोन्हीकडच्या एसआयडी शेजारी शेजारी काढून दाखवल्या, वेगळ्या होत्या. मग ऑल्टर यूजरची एक ओळ चालवली, विथ लॉगिन लिहून, म्हणजे आतला यूजर नव्या लॉगिनला बांधला. यूजर काढून नवीन केला असता तर टेबलांवरचे हक्क परत द्यावे लागले असते, याच्यात ते जसेच्या तसे राहतात.

मी टेस्ट दाबली. पास. दादा म्हणाले, आते व्हयनं. आणि जेवायला गेले. त्यांचं ताट गार झालं असणार याचं मला वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी तसं बोललोही.

पण आता सीएमएस रीस्टार्ट करायला पाहिजे, ऑडिटच्या सेटिंगमध्ये बदल केला की ते लागतंच, आणि महत्त्वाची शेड्यूल चालू होती म्हणून शुक्रवार रात्री ११ ची वेळ मिळाली. शुक्रवारी संध्याकाळपासूनच सातपुड्याकडून आभाळ भरून आलं. साडेदहाला वादळ सुटलं. आमच्याकडं मे मधलं वादळ म्हणजे काय ते रावेर-यावलकडच्या माणसाला सांगायला नको, घडावर आलेली केळी एका रात्रीत आडवी होते. अण्णा दारात उभे होते, शेताकडं तोंड करून, आणि मी आत लॅपटॉपवर. त्या वेळी मला फार वाईट वाटत होतं की मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहू शकत नाही.

सीएमसीमध्ये ऑडिटिंगच्या पानावर डीएसएनचं नाव, यूजर, पासवर्ड परत भरला, आपोआप पुन्हा जोडण्याची खूण केली जी आधी केलेलीच नव्हती, सेव्ह केलं. आधी नोड दोनचा सीएमएस रीस्टार्ट, तो पूर्ण वर आल्याची खात्री, मग नोड एकचा. हा रीस्टार्ट चालू असताना लाइट गेली. वायफाय इन्व्हर्टरवर आहे पण इंटरनेटची लाइन मागूनच गेली, फोनचा हॉटस्पॉट लावला, व्हीपीएन दोनदा तुटला. सर्व्हर पुण्यात आहेत, त्यांना माझ्या लाइटशी काही देणंघेणं नाही हे कळत होतं, तरी जीव वरखाली होत होता.

११ वाजून ४० मिनिटांनी पान उघडलं. शेवटचं अपडेट: आज.

मग फोल्डर उघडून बसलो. फायलींचा आकडा कमी होत होता. साडेअकरा हजार, अकरा हजार दोनशे, अकरा हजार. त्या पानावर ऑडिटिंग थ्रेडचा वापर म्हणून एक टक्केवारी असते, ती १०० ला जाऊन पिवळी झाली, म्हणजे सीएमएसची एक फेरी संपायच्या आत पुढची सुरू व्हायची वेळ होतेय. एरवी हे काळजीचं लक्षण आहे, पण इतका साठा उपसायचा असताना असंच होणार, छेडछाड करायची नाही. शनिवारी सकाळी नऊला टक्केवारी खाली आलेली होती आणि फोल्डरमध्ये चालू फायली तेवढ्या उरल्या होत्या.

मोजणी केल्याशिवाय मी कुणाला काही कळवलं नाही. दिवसवार किती नोंदी आल्या ते काढलं. ते करताना एक लक्षात ठेवा, एडीएस इव्हेंटमधली सुरुवातीची वेळ जीएमटीमध्ये असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री १२ वाजून १० मिनिटांनी उघडलेला रिपोर्ट तिथं आदल्या दिवशीच्या संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांवर दिसतो. ऑडिटरला नेमक्या रात्रीच्याच नोंदी बघायच्या होत्या, तसंच दिलं असतं तर एखाद्या माणसाच्या नावावर चुकीची तारीख गेली असती.

मोजणीत एक गोष्ट निघाली. नोड एकचे सगळे दिवस भरले. नोड दोनचे २० एप्रिलपासून पुढचे भरले, पण ४ च्या संध्याकाळपासून १९ एप्रिलपर्यंत नोड दोनच्या सर्व्हरची एकही नोंद नाही. शोध घेतला तर कळलं, ३ मे ला नोड दोनवरही डिस्कचा इशारा आला होता आणि ड्युटीवरच्या माणसानं त्या फोल्डरमधल्या १४ दिवसांपेक्षा जुन्या फायली साफ केल्या होत्या. त्याची चूक म्हणता येणार नाही, त्याच्या हातातल्या कागदात टेम्पररी फायली काढा असंच लिहिलं होतं. रोजच्या बॅकअपमधून मिळतील म्हणून बघितलं, तर ते फोल्डर टेम्पररी म्हणून बॅकअपमधूनच वगळलेलं. म्हणजे त्या गेल्या.

सोमवारी ऑडिटरना यादी दिली, भारतीय वेळेत, आणि पहिल्याच पानावर लिहिलं की ४ ते १९ एप्रिल या काळातल्या नोड दोनच्या नोंदी उपलब्ध नाहीत, कारण काय, कधी पुसल्या गेल्या, आणि या काळातली यादी अपुरी समजावी. मॅनेजर म्हणत होते हे शेवटी कुठंतरी लिहू. मी पहिल्या पानासाठी धरून बसलो. यादीत एखाद्याचं नाव नाही म्हणून त्यानं रिपोर्ट उघडलाच नाही असं कुणी त्या पंधरा दिवसांबद्दल म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. ऑडिटरनी फोन करून दोन प्रश्न विचारले आणि वेब सर्व्हरचे त्या दिवसांचे लॉग मागवले, ते काही प्रमाणात जोडीला देता आले.

आता दर तासाला एक छोटी क्वेरी चालते, शेवटची नोंद दोन तासांपेक्षा जुनी असेल तर मला आणि धुळ्याच्या दादांना मेल. बॅकअपच्या वगळलेल्या यादीतून ऑडिटिंग फोल्डर काढून घेतलं. साफसफाईच्या कागदात त्या फोल्डरचं नाव घालून "हात लावू नये" असं लिहून घेतलं. स्थलांतराच्या यादीत तीन ओळी वाढवल्या: पोर्ट कायमचा आहे का, ६४-बिट डीएसएन दोन्ही नोडवर बघितला का, आणि टेस्ट ज्या लॉगिननं काम चालणार त्याच लॉगिननं त्याच डेटाबेसवर केली का.

केळीचं विचाराल तर वरच्या बाजूच्या चार ओळी आडव्या झाल्या, बाकी वाचली. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा अण्णांनी पिशवीतून गेल्या वर्षीच्या पावत्या काढून दाखवल्या.